पावणेदोन किलोची भट्टी

चिरंजीव फुंकणीस,

तुझ्या मधल्या भावाचे (थोरल्याचे वेगळे येतील, तो स्वतःची वस्तू दुसऱ्याच्या पाकिटात घालू देत नाही) भरघोस आशीर्वाद. तुझी पाठ, तुझा चष्मा, तुझी शाळा आणि त्या शाळेतले साडेचारशे आत्मे सुखरूप असतील असं धरून चालतो. मुख्याध्यापिकेला लिहायचं म्हणजे हात जरा सावरून धरावा लागतो. माझं मागचं पत्र वाचून तू फोनवर दादाला म्हणालीस म्हणे, की पंडिताच्या अक्षराला शिकवणी लावायला हवी. हे त्याने मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा अगदी ताजं असल्यासारखं, आणि तिन्ही वेळा हसता हसता त्याला खोकला आला. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचा, गुडघा ठीक, माझा रक्तदाब ठीक, दादाही ठीक. आता एक सूचना. हे पत्र पाकिटात जाण्याआधी दादाला वाचून दाखवावं लागणार आहे, तशी त्याने अटच घातली आहे. तेव्हा जे कंसात असेल ते मी वाचताना गाळणार आहे, हे लक्षात घेऊन तू मात्र कंस आधी वाच. (दादा ठीक नाही.)

तर दादाने एक भट्टी मागवली. मी तिला स्टोव्ह म्हणतो, वहिनी शेगडी म्हणते, दादा भट्टी म्हणतो. घरात तीन मतं असली की वस्तूला तीन नावं मिळतात. तंबूत ठेवायची, लाकडं जाळायची, टायटेनियमची, घडी घालून पिशवीत टाकता येणारी. खोकं दारात आलं तेव्हा मी ते उचललं आणि आणणाऱ्या माणसाला अडवून धरलं, की बाबा रे, हे रिकामं आहे, आतला माल कुठे सांडलास? तो बिचारा खोकं हलवून दाखवतोय, मी हलवून दाखवतोय, आणि मागच्या खोलीतून दादाचा आवाज आला, "पंडित, जाऊ दे त्याला! हलकं असणं हाच त्या मालाचा गुण आहे!" (एवढ्या वाक्यात त्याने दोनदा श्वास घेतला.) वहिनीने सगळे भाग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. एक किलो सातशे साठ ग्रॅम, धुराड्यासकट. दादाने वाकून आकडा स्वतः वाचला आणि असा खुलला, जणू हे वजन त्यानेच घासून घासून उतरवलं होतं.

तुला आपली जुनी भट्टी आठवत असेलच. भंगारातल्या बॉयलरचा पत्रा जोडून दादाने केलेली, चौदा किलोची. दरवर्षी ती पाठीला बांधून तो तळ्यापर्यंत चालायचा, आणि आपण दोघं मागून एकेक चादर घेऊन दमलो दमलो म्हणत यायचो. तू तिच्या तोंडाशी तोंड नेऊन इतक्या जोरात फुंकायचीस की एका वर्षी दोन्ही भुवया जाळून घेतल्यास आणि जन्माचं नाव कमावलंस. तेव्हा मला खरोखर वाटायचं की दादाला वजन लागतच नाही, ते फक्त आपल्यासारख्यांना लागतं. (आता तो स्टुलावर बसून दात घासतो.)

दादाचा बेत असा होता, निदान त्याने मला सांगितला तो: तुझ्या शाळेच्या परीक्षा चार महिन्यांनी संपतील, तू येशील, आणि आपण तिघं तळ्यावर एक रात्र तंबूत, भट्टीच्या उबेला काढू, अकरा वर्षांपूर्वीपर्यंत काढायचो तशी. फुफ्फुसांच्या डॉक्टरीणबाईंना त्याने माझ्यादेखत विचारलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, धुराचा वाससुद्धा चालणार नाही. दुसरी सांगायची त्यांना गरज पडली नाही, ती दादानेच पूर्ण केली, कारण एकतीस वर्षं बॉयलर तपासनीस म्हणून तो तेच इतरांना बजावत फिरला. त्याच्या नाकाशी असलेली प्राणवायूची नळी आणि पेटती आग एका जागी आणायची नाही. म्हणजे बघ, त्याला लागणारी हवा आणि त्याला हवी असलेली आग यांचं आपसांत वैर. भट्टीजवळ बसायचं तर नळी काढून बसायचं. किती वेळ? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आराम करून, जागचं न हलता, अर्धा तास बघा; बोटाला चिमटा लावतो त्या छोट्या यंत्रावरचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की परत नळीवर. (बाहेरच्या मार्गिकेत त्या मला वेगळं काही बोलल्या. ते कंसातही मावत नाही.) दादाने घरी येताच जाहीर केलं की आधी भट्टी तयार करायची. बिनधुराची झाली तर पुढचं पुढे.

मागच्या खोलीतल्या यंत्राची नळी तेरा मीटर लांब आहे. तेरा मीटरांच्या आत दादा राजा आहे. स्वयंपाकघर त्याच्या राज्यात येतं, न्हाणीघर येतं, मागच्या अंगणाकडची खिडकी अगदी सीमेवर येते. अंगण परदेशात. म्हणून ठरलं असं, की भट्टी मी अंगणात पेटवायची आणि त्याने बंद खिडकीआडून बघायचं. मी म्हटलं, निदान जुळवून तरी दे, तुझा हात बसलेला आहे. तर म्हणाला, "मी तपासनीस. तू मालक." म्हटलं, मागवलीस तू. "म्हणून काय झालं? एकच माणूस दोन्ही कसा होईल?" त्याच्या खात्याची रीत तुला माहीत नसेल. नव्या बॉयलरची पहिली वाफ मालकाने स्वतःच्या हाताने धरायची. तपासनिसाने वही घेऊन उभं राहायचं, हात लावायचा नाही, चूक दिसली तरी सुचवायचं नाही, फक्त वेळ घालून लिहायचं. माणूस मरायची वेळ आली तर ओरडायची मुभा आहे. कारण सुचवलं की मालक ते तपासनिसाच्या भरवशावर करतो, आणि तपासनिसाची पाठ वळली की विसरतो. या रीतीपायी त्याने किती कारखानदारांना घाम फोडला असेल देव जाणे. मी संस्कृत शिकलो, कारण दादा बॉयलरमध्ये शिरत होता. तेव्हा एकदा त्याच्यासमोर घाम गाळायची माझी पाळी येणं न्याय्यच म्हणायचं.

सूचनापत्रक आलं ते नुसत्या चित्रांचं. अक्षर एकही नाही. माझं सगळं आयुष्य ज्या ग्रंथांत गेलं त्यांत अक्षरंच अक्षरं आणि चित्राचा पत्ता नाही. इथे बरोबर उलट. अकरा चौकटी, आणि त्यांत एक बिनकेसांचा, बिनचेहऱ्याचा मनुष्य, ज्याला कशाचंही काही वाटत नाही. तिसऱ्या चौकटीत हा स्थितप्रज्ञ पत्र्याचा कोपरा दोन बोटांत धरून उभा, आणि कोपऱ्यापाशी एक वाकडी रेघ. मी चष्मा पुसून विचाराला बसलो. पूर्वपक्ष असा की कोपरा धारदार आहे, बोटं जपा. उत्तरपक्ष असा की कोपऱ्याला तेल लावा. दोन्ही पक्ष मी समासात टिपले, दोन्हींच्या बाजूने चार चार मुद्दे काढले, आणि समाधानाने पुढच्या चौकटीकडे वळलो. पत्र्यावर एक पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला आहे आणि पेटवण्याआधी तो सोलून काढायचा आहे, हा तिसरा पक्ष मला सुचलाच नाही.

धुराड्याची कथा निराळी. तो कागदासारखा पातळ पत्रा, दोन मीटर लांब आणि वीतभर रुंद. खोक्यात तो एका अंगाने गुंडाळून येतो. आपण त्याला दुसऱ्या अंगाने गुंडाळून नळी करायची आणि वर तारेच्या कड्या चढवायच्या. एकदा आगीत तापला की तो दिलेला आकार कायमचा धरतो, पण पहिल्या खेपेला कुणाचं ऐकत नाही. मी एक टोक धरलं की दुसरं सणकन उलटं गुंडाळायचं. दुसरं धरायला जावं तर पहिलं कानाशी येऊन वाजायचं. अर्धा तास आमचा हा शास्त्रार्थ चालला. वहिनी आपल्या पडद्यांच्या दुकानातून मापं घेऊन आली, दारात उभी राहून थोडा वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, "अहो, कुठल्या अंगाने पडायचं ते कापडाला विचारावं लागतं. तुम्ही त्याला शिकवायला बसलात." दादा खाटेवरून म्हणाला, "कारागीर, मालकाला करू द्या." "तुमचा मालक बोट कापून घेईल, दादा, मग लिहीत बसा वहीत." हे वाक्य संपेपर्यंत मी बोट कापून घेतलं होतं. वहिनीने जाड हातमोजे चढवले, पत्रा जमिनीवर पसरला, गुडघ्याखाली दाबला, कपडे वाळत घालायचे चिमटे लावत लावत दहा मिनिटांत त्याची नळी केली आणि कड्या बांगड्यांसारख्या चढवल्या. वहीत नोंद झाली: 'अकरा वीस, मालकाचे डावे अनामिका बोट, किरकोळ. धुराडे कारागिराने केले. मालकाने चिमटे पुरवले.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात तीन विटांवर भट्टी मांडली. दादा खिडकीआड खुर्चीवर, मांडीवर वही, नाकाला नळी, नळी ताणून सीमेपर्यंत आलेली. त्याने दाढी केली होती आणि कोट घातला होता. पहिल्या वाफेला तो नेहमी कोट घालून जायचा म्हणे. मी बारीक काटक्या रचल्या, काडी ओढली, दार लावलं. पहिली दोन मिनिटं मला वाटलं, आपल्यात एक सुप्त तंत्रज्ञ दडलेला होता. मग धूर आला. काळा, चिकट, आणि वास असा की कुणी नवी कोरी चप्पल तव्यावर भाजत असावं. मी खिडकीकडे पाहिलं. दादा लिहीत होता. मी हातवारे करून विचारलं, काय करू? दादाने मान खाली घालून आणखी एक ओळ लिहिली.

तेवढ्यात शेजारचे दंतवैद्य भिंतीवरून डोकावले, पांढऱ्या कोटात, हातात तो छोटा आरसा. पेशंटचं तोंड उघडंच ठेवून ते तसेच बाहेर आले होते. "सर, काय जाळताय?" म्हटलं, लाकूड. "हे लाकूड नाही. माझ्याकडे एकदा कवळीचा साचा जळला होता, तेव्हा हा वास आला होता." आणि भिंतीवरून आणखी वाकून म्हणाले, "अहो, वरचं प्लास्टिक सोललं नाहीत?" मी खिडकीकडे वळलो. दादाने वही उघडून काचेला टेकवली. ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'नऊ चाळीस. पापुद्रा काढलेला नाही.' मी काडी ओढली होती नऊ बावन्नला. बारा मिनिटं, फुंकणे! बारा मिनिटं हा मनुष्य कोट घालून माझ्या अज्ञानाकडे बघत बसला होता आणि त्याचा धर्म त्याला बोलू देत नव्हता.

मी हसलो, दंतवैद्य हसले, काचेआड दादाही हसला. मग वारा फिरला. दाराखालची फट आपण बुजवायला विसरलो आहोत हे माझ्या लक्षात आलं, तोवर धूर आत गेला होता. मला खिडकीतून फक्त वही दिसत होती, काचेला टेकलेली. ती हळूहळू खाली सरकत गेली आणि दिसेनाशी झाली. मी आत धावलो तेव्हा वहिनी त्याला यंत्रापाशी आणून, पुढे वाकवून पाठीवरून हात फिरवत होती आणि तिचा दुसरा हात यंत्राच्या बटणावर होता. (चौदा मिनिटं खोकला. ओठ निळे. मी हातात निखाऱ्यांचा चिमटा घेऊन उभा होतो, आणि मला एवढंच आठवतं, की तो चिमटा कुठे ठेवावा हे मला सुचत नव्हतं.) मी भट्टी विझवली, पुसली न पुसली, खोक्यात कोंबली आणि खोकं माळ्यावर टाकलं. दिवे लागले तसा दादा म्हणाला, "पहिली चाचणी नापास. दुसरी कधी घेतोस?" म्हटलं, घेणार नाही. तो म्हणाला, "पंडित, मालक एका चाचणीत हात वर करायला लागले असते, तर या जगात वाफच झाली नसती." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

रविवारी दंतवैद्य आपणहून आले, हत्यारांची पेटी घेऊन. पापुद्रा जळून पत्र्याला डिंकासारखा चिकटला होता. त्यांनी भट्टी वर्तमानपत्रावर ठेवली, दार उघडलं, कपाळावरचा दिवा लावला आणि सवयीने म्हणाले, "मोठा आ करा." मग दोन तास टोकदार आकड्याने ते एकेक कोपरा खरवडत बसले. मध्येच म्हणायचे, "किटण आहे, दुसरं काही नाही. वेळेवर आला असतात तर एवढं झालं नसतं." दादा खाटेवरून म्हणाला, "डॉक्टर, कीड नाही ना?" "नाही, हाड मजबूत आहे. मालकाने काळजी घेतली तर तुम्हाआम्हाला पुरून उरेल." दंतवैद्य पुन्हा जास्तच जोरात खरवडू लागले. जाताना त्यांनी दादाचा हात हातात घेतला आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला, आणि दादाने तो सोडवून घेण्यासाठी त्यांना स्वतःच्या दाढेबद्दल एक प्रश्न विचारला.

दुसरी चाचणी दाराची फट ओल्या टॉवेलांनी बुजवून घेतली. (वहिनीने तीन टॉवेल लावले आणि वर स्वतः दाराला पाठ लावून बसली.) या खेपेला भट्टी अशी पेटली की धुराड्याच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत होती. आणि काय सांगू, त्या राखी पत्र्याला रंग चढायला लागले. आधी पिवळसर सोनेरी, मग जांभळा, मग मोराच्या मानेसारखा निळा. ती निवल्यावर दादाने वरची पट्टी मागवून घेतली आणि मांडीवर ठेवून किती तरी वेळ तिच्यावरून अंगठा फिरवत बसला. "आमच्या लोखंडाला हा रंग आला की आम्ही घाबरायचो," म्हणाला, "हिला शोभतोय."

तिसरी चाचणी परवा दुपारी, तंबूत. वहिनीने तंबूच्या कापडात धुराड्यासाठी भोक पाडून त्याला न जळणाऱ्या कापडाची गोल किनार इतकी सुबक शिवली की एवढ्या कौशल्याला पडदेच का शिवावे लागले असं मला वाटून गेलं. दादाने नळी काढून दाराच्या कडीला लावून ठेवली. मागच्या दारापासून तंबूपर्यंत बावीस पावलं आहेत. दोन थांब्यांत गेलो. आत त्याला गादीवर बसवलं, बोटाला चिमटा लावला. मी विचारलं, "धूर आहे?" "नाही." "वास?" "तुझ्या मोज्यांचा."

आणि मग, फुंकणे, तो बोलायला लागला. तपासनीस, ज्याने चुकीकडे बारा मिनिटं मुकाट पाहिलं, तो सुचवायला लागला. झडप अर्धी कर. अशी नाही, आवाज ऐक, गुरगुर थांबली पाहिजे. जाड ओंडका मागे, बारीक पुढे. झोपायच्या आधी राख ओढून निखाऱ्यावर पांघरूण घाल, पहाटे नुसत्या फुंकरीने जागी होईल. धुराडं काढताना थंड झाल्याशिवाय हात लावू नकोस, तुझा भरवसा नाही. दोन दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. मी म्हटलं, दादा, रीत मोडतोयस. तो म्हणाला, "लिही ना मग वहीत." मला त्याचं बोलणं थांबवता आलं नाही. (आकडा ब्याण्णव होता, मग नव्वद, मग सत्त्याऐंशी. मी ऊठ म्हटलं. तो म्हणाला, एक ओंडका अजून. मी घातला. तो संपला तेव्हा आकडा त्र्याऐंशी होता. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही आणि वहिनीलाही नाही. तुला सांगतो, कारण तो ओंडका मी पुन्हा घालीन.) परतताना तो खुर्चीवर बसून आला. खुर्चीचे पुढचे दोन पाय दंतवैद्यांनी धरले होते, मागचे मी, आणि तो मध्ये बसून आम्हाला पाऊल मिळवून चालायला सांगत होता.

संध्याकाळी त्याने वही बंद केली आणि मला दिली. शेवटच्या पानावर लिहिलं आहे: 'भट्टी सेवेस योग्य. मालक: पंडित व फुंकणी.' मी विचारलं, आणि तुझं नाव? म्हणाला, "तपासनिसाची सही खाली असते." खाली सही होती, थरथरलेली, पण पूर्ण.

(मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडायला इतके दिवस लागले याची मला लाज वाटते. त्याने ही स्वतःसाठी मागवलीच नव्हती. ज्याने आपल्यासाठी चौदा किलो वाहिलं त्याने आपल्या दोघांना पेलेल एवढ्याच वजनाची शोधून काढली, आणि ती मला पेटवता येते की नाही हे पाहून घेतलं. तळ्याचा बेत तिघांचा कधीच नव्हता. मी वही हातात धरून म्हटलं, अक्षर सुंदर आहे. दुसरं काय म्हणणार? तो म्हणाला, तुझ्यापेक्षा बरं आहे, फुंकणीला विचार.)

असो. एकंदरीत भट्टी उत्तम आहे, वहिनी मजेत आहे, माझं बोट भरून आलं आहे. शाळेत फार ओरडत जाऊ नकोस, घसा जप. वडीलकीच्या नात्याने एवढंच.

तुझा,
पंडित (मालक, निम्मा)

ता. क. १ : हे दादाने सांगून लिहवलं आहे, शब्दशः उतरवतो. 'चिरंजीव फुंकणीस आशीर्वाद. परीक्षा टाकून येण्याचं काही कारण नाही. शाळा आधी. चार महिन्यांनी सावकाश ये, आपण तळ्यावर जाऊ. माझी प्रकृती सुधारत आहे. भुवया सांभाळ.'

ता. क. २ : कंस गाळून पत्र वाचून दाखवलं. त्याला आवडलं, दंतवैद्याच्या जागी दोनदा हसला. एक दुरुस्ती मात्र त्याने स्वतः पेन घेऊन केली आहे (बाकीचं पान मी हाताने झाकून धरलं होतं), ती तुला दिसेल: 'दोन थांब्यांत' यातलं 'दोन' खोडून 'एका' केलं आहे. पाठभेद म्हणून दोन्ही राहू देत. खरे थांबे चार होते. मीही कमी करूनच लिहिले होते.

ता. क. ३ : हा कागद पोस्टाच्या कट्ट्यावर उभा राहून लिहितोय, पाकीट अजून चिकटवलेलं नाही. त्या दिवशी मार्गिकेत मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, की आमच्या बहिणीच्या परीक्षा चार महिन्यांनी संपतात, तोवर? त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "त्यांना आत्ता बोलवा." म्हणून हे एवढं लांबण. पहिल्या पानावर लिहायची हिंमत झाली नाही, आठ पानं भट्टी पेटवत बसलो. फुंकणे, परीक्षा कुणीही घेईल. तू ये. याच आठवड्यात ये. फोन करून विचारू नकोस, तो ठीक आहे म्हणेल आणि तुझा विश्वास बसेल. फोनवर तुझ्याशी बोलण्याआधी तो दहा मिनिटं गप्प राहून श्वास साठवत असतो. आणि येणार असशील तर मलाही कळवू नकोस. मला कळलं की माझ्या तोंडावर दिसेल, त्याला ते वाचता येतं, आणि मग तो दाढी करून, कोट घालून, नळी काढून तुझ्यासाठी दारात उभा राहील. न सांगता ये. तुझी हाक ऐकून तो उठायला लागेल, तो उभा राहायच्या आत खोलीत पोच.